पाल्याचं गाठोडं

भास्करराव मानकाम्यांनी उभ्या आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती, आणि लढाईबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पहिल्या महायुद्धाची चारही वर्षं त्यांनी गिरगावात वडिलांच्या फोटोच्या दुकानात काढली. बोटीवर चढण्याआधी सोजीर तिथे फोटो काढून घ्यायला यायचे. त्यांच्या टोप्या सरळ करणं, हा मानकाम्यांचा महायुद्धातला सहभाग. पुढे त्यांनी फिल्म कंपनी काढली आणि घोडेस्वारीची विजार घालून खुर्चीत बसायला लागले.

मी त्यांच्याकडे शीर्षकं लिहायचो. तेव्हाचे सिनेमे मुके. माणसं नुसती तोंडं हलवायची, आणि मध्येच काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं यायची. ती अक्षरं माझी. त्याआधी मी रत्नागिरीत शाळामास्तर होतो. मुलांना शुद्धलेखन शिकवण्यापेक्षा हे काम मानाचं आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. कंपनीत सगळे मला शेवडे मास्तरच म्हणत.

आमचा 'वेढ्यातला फितूर' आज मुक्या जमान्यातला अभिजात युद्धपट म्हणून ओळखला जातो. परवाच एका साप्ताहिकाने त्यावर दोन पानं खर्च केली. त्यातलं पाऊण पान एकाच दृश्यावर आहे. तिन्हीसांजेला फितूर खंदकातून बाहेर पडतो आणि वाकून, मागे वळून बघत नदीकडे जातो, ते दृश्य. त्या नटाच्या चेहऱ्यावरची भीती मानकाम्यांनी कशी साकारून घेतली, याचं लेखकाला मोठं नवल वाटलंय. ते दृश्य कसं झालं ते मला माहीत आहे.

सन अठ्ठावीसच्या डिसेंबरात आम्ही जयगडला उतरलो. गोष्ट होती इराकात, बसऱ्याच्या बाजूच्या कुत गावातली. सोळा साली आपल्या पलटणी तिथे तुर्कांच्या वेढ्यात पाच महिने अडकल्या होत्या. मानकाम्यांना कुत दाखवायला नदी हवी होती. जयगडची खाडी पाहून ते म्हणाले, पाणी ते पाणी. किल्ल्याचा जांभा फिल्मवर काळा येतो, म्हणून तटाला चुना आणि शेण फासलं. माडांवरचे सगळे नारळ उतरवले, म्हणजे माड खजुरीसारखे दिसतील. गावातल्या चाळीस कोळ्यांना काथ्याच्या दाढ्या चिकटवून तुर्क केलं. आमचा नायक रणजित घोड्याला भ्यायचा. घोडा रत्नागिरीच्या टांग्याचा होता आणि तो रणजितला भीत नव्हता. मिस विमला तुर्की नाचणारीण झाली होती. वेढा पडलेल्या उपाशी गावात ही बाई तीनदा नाचते. ती का नाचते, हे मी एकदा विचारलं, तेव्हा मानकामे म्हणाले की शेवडे, तुम्ही अक्षरं बघा.

जाहिरातीत छापण्यासाठी त्यांना कुतमध्ये खरोखर राहिलेला एक शिपाई हवा होता. चाफे गावच्या पाटलांनी काशीराम गोताडला पाठवून दिलं. वय चाळीसच्या आतबाहेर, पण दिसायला म्हातारा; तोंडात चार दात उरलेले. वेढ्यात हिरड्या कुजून बाकीचे गळाले होते. उजव्या पायाची तीन बोटं नव्हती. ती कैदेत, वाळवंटातून चालताना गेली. मानकाम्यांनी त्याला आपले लष्करी सल्लागार म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं आणि लगेच काथ्याच्या तुर्कांना लाकडी बंदुका धरायला शिकवण्याच्या कामाला लावलं.

काशीराम फार बोलायचा नाही. सल्ला मागितला तर द्यायचा, आणि मानकामे तो ऐकून उलट करायचे. रणजितचा एक सोबती मरतो, त्या दृश्यात त्याने छातीवर हात ठेवून, गिरकी घेऊन, पायऱ्यांवरून गडगडत यायचं होतं. मानकाम्यांनी काशीरामला विचारलं, तिथे माणसं कशी मरत होती.

"बसल्या जागी," काशीराम म्हणाला. "भिंतीला टेकून बसायची. सकाळी उठायची नाहीत."

"बसून मेलेला माणूस पडद्यावर दिसत नाही," मानकामे म्हणाले, आणि गिरकी चारदा काढली.

दहा दिवस झाले तरी गोष्टीत एक भोक होतं. नाव 'वेढ्यातला फितूर', आणि फितूर कोण ते ठरलं नव्हतं. हेर, खलिते, पाठलाग, सगळं तयार. तुर्कांना आतल्या बातम्या पोचवणारा माणूस तेवढा सापडत नव्हता. मानकाम्यांनी मला बाजूला घेतलं. तुम्ही इथले, म्हाताऱ्याची बोली तुम्हाला येते, त्याच्याकडून काहीतरी काढा, असं सांगितलं.

मी काढलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत किल्ल्याच्या सावलीत काशीरामजवळ बसायला लागलो. पहिल्या दिवशी पिकाबद्दल बोललो, दुसऱ्या दिवशी त्याच्या पायाबद्दल. तिसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन भागोजीचं नाव काढलं. मला ही हातोटी आहे. ती चांगल्या माणसांजवळ असते असं नाही.

भागोजी त्याच्याच वाडीतला. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. वेढ्यात धान्य संपत आलं, तेव्हा घोडे मारून मांस वाटायला सुरुवात झाली. भागोजीने ते तोंडाला लावलं नाही. असे पुष्कळ होते. पण भागोजीने दुसरी वाट काढली. नदीकाठी, काटेरी तारांच्या पलीकडे, आपल्याकडच्या कुर्डूसारखा काहीतरी पाला उगवला होता. तो तिन्हीसांजेला सरपटत जायचा, पाला खुडून फेट्याच्या कापडात बांधून आणायचा आणि उकडून सगळ्यांना द्यायचा. तुर्क समोरच्या काठावरून बंदुका रोखून असायचे. काशीरामचे चार दात राहिले ते त्या पाल्यामुळे, असं काशीराम म्हणाला. एका संध्याकाळी भागोजी गेला तो परत आला नाही. गोळीचा आवाज कोणी ऐकला नाही. सकाळी नदीकाठी प्रेत दिसलं नाही. हवालदार म्हणाला, पळाला, तुर्काला मिळाला. पुढे पलटणी शरण गेल्या, आणि कैदेत काशीरामने प्रत्येक तळावर त्याला शोधलं. तो सापडला नाही.

घरी सखूला, म्हणजे भागोजीच्या बायकोला, पलटणीकडून बेपत्ता एवढाच निरोप आला होता. काशीराम अठरा सालच्या शेवटी सुटून आला. बोटीतून उतरताना त्याला जयगडच्या धक्क्यावर सखू दिसली. दर बोटीच्या दिवशी ती चाफ्याहून चालत येऊन तिथे उभी राहायची. जवळजवळ तीन वर्षं. काशीरामने तिला तिथेच सांगितलं की भागोजी छातीवर गोळी लागून पडला, मी माझ्या हाताने माती लोटली. तिने कुंकू पुसलं आणि धक्क्यावर यायचं बंद केलं.

"खोटा बोललो," काशीराम मला म्हणाला. "पण तिचा चालणा तरी थांबला. ह्या तुमच्याजवळ ऱ्हाव दे, मास्तर."

राहील, म्हणून मी सांगितलं. त्याच संध्याकाळी मानकाम्यांना सगळं सांगितलं. मला कोणी धमकावलं नव्हतं, की जास्त पगाराची लालूच दाखवली नव्हती. मानकामे खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारतील, एवढ्यासाठी सांगितलं. त्यांनी मारली.

"शेवडे, फितूर सापडला," ते म्हणाले. "पाल्याच्या गाठोड्यातून खलिता नेतो."

मग त्यांना दुसरी कल्पना सुचली. एवढा वाळलेला, दात पडलेला माणूस मुंबईच्या कुठल्या नटात मिळणार? फितुराचं काम काशीरामच करील. त्याला गोष्ट सांगायची गरज नाही. मुक्या सिनेमात माणसाने चालायचं असतं. तो कुठे आणि कशाला चालला आहे, ते शीर्षक सांगतं.

त्यांनी काशीरामला बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तुझ्या मित्राची हकीकत शेवड्यांनी सांगितली, आम्हाला ती जगाला दाखवायची आहे. काशीराम माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा मला काहीतरी बोलेल. पण त्याचे डोळे भरून आले आणि त्याने मला नमस्कार केला. भागोजी पडद्यावर येणार, त्याने सोबत्यांसाठी काय केलं ते लोक बघणार, असं त्याला वाटलं. मी नमस्कार घेतला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत ते दृश्य काढलं. काशीरामला काही शिकवावं लागलं नाही. भागोजी डावा खांदा पुढे काढून चालायचा, तसा तो चालला. भागोजी दर चार पावलांवर थांबून समोरच्या काठाकडे बघायचा, मग मागे वळून आपल्या माणसांकडे बघायचा, तसा तो थांबला आणि वळला. पाला खुडून त्याने फेट्याच्या कापडात बांधला. मग मानकाम्यांनी त्याला सांगितलं की आता तुर्काची गोळी लागते. काशीराम गिरकी न घेता खाली बसला, गाठोडं छातीशी धरलं आणि मान टाकली. या वेळी मानकाम्यांनी दुसऱ्यांदा काढायला सांगितलं नाही. ते मूर्ख होते, पण आंधळे नव्हते.

पिस्तूल झाडणारा रणजित चार दिवसांनी वेगळा काढला. पाल्यातून खलिता ओढून काढणारा हात मुंबईत काढला. तो हात आमच्या शिंप्याचा. सगळे तुकडे एकापुढे एक जोडले आणि मध्ये माझ्या पाट्या बसवल्या. पहिली पाटी अशी होती: 'काळोख दाटला! फितूर निघाला शत्रूच्या भेटीला!' मागे वळून सोबत्यांकडे बघणारा काशीराम त्या पाटीनंतर असा काही दिसायला लागला, की माझ्या अंगावर काटा आला. काम चांगलं झालं म्हणून काटा आला, हेही सांगून टाकतो.

मुंबईत सिनेमा तेरा आठवडे चालला. दिवाळीनंतर तो रत्नागिरीत पत्र्याच्या मांडवात लागला. पहिल्या खेळाला मानकामे हार घालून घ्यायला आले होते. पुढे जमिनीवर बसणाऱ्यांना अक्षरं यायची नाहीत, म्हणून प्रत्येक मांडवात पाट्या मोठ्याने वाचणारा एक माणूस असे. त्या संध्याकाळी मी गावचा म्हणून तो मान मला मिळाला. मी पडद्याच्या कडेला उभा राहिलो, आणि बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत मला सखू दिसली. तिला मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पण पलीकडे पुरुषांत काशीराम बसला होता, आणि तो तिला बोटाने पडदा दाखवत होता.

पुढे कळलं की चित्रण संपल्यावर काशीरामने घरी जाऊन तिला सगळं खरं सांगितलं होतं. सिनेमात दिसणारच आहे, मग आपल्या तोंडून आधी कळावं, म्हणून. ती रागावली नाही. पाला खुडायलाच गेला असेल, म्हणाली. छातीवर गोळी झेलणं त्याला कधी शोभलंच नव्हतं. दहा वर्षं ती एका अनोळखी शूर माणसासाठी रडली होती, आता तिला तिचा घोव परत मिळाला. म्हणून दोघं जयगडहून मचव्यात बसून सिनेमाला आली होती.

ते दृश्य आलं, माझी पाटी आली. मी वाचलं, "संध्याकाळ झाली. भागोजी निघाला, उपाशी सोबत्यांसाठी पाला खुडायला."

सखूने पदर तोंडाला लावला. काशीराम हसत होता. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून एक वकील ओरडले की शेवडे, डोळे आलेत का तुमचे, लिहिलंय ते वाचा. खुर्च्यांत हशा पिकला. त्यात मानकाम्यांचं हसू मला वेगळं ओळखू आलं. पुढची पाटी आली. त्यावर लिहिलं होतं की फितुराच्या गाठोड्यात शत्रूचा खलिता. मी ते जसं होतं तसं वाचलं. नंतरच्या सगळ्या पाट्याही नीट वाचल्या, स्वच्छ आवाजात, जसं वर्गात वाचायचो तसं. रणजितने पिस्तूल झाडलं. पाला छातीशी धरून काशीराम खाली बसला, आणि अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या.

खेळ संपल्यावर मानकामे हात पुढे करून काशीरामकडे गेले. तुझ्यामुळे सिनेमा उभा राहिला, म्हणाले. काशीरामने त्या हाताकडे पाहिलं आणि आपले हात मागे नेले. सखू माझ्यापाशी आली.

"ह्या तुमी लिवलंत?"

मी हो म्हणालो. ही गोष्ट आहे, गोष्टीत असं करावं लागतं, वगैरे सांगायला लागलो. तिने मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, "फितूर केलंत, तर जिता तरी ठेवायचा व्हता. तिकडे गेला असता तर जगला असता माझा घोव. तुमी फितूर पण केलंत नि मारलंत पण."

मानकाम्यांनी विचारलं, बाई काय म्हणते. मी सांगितलं, सिनेमा आवडला.

चाफे गावात लोकांनी करायचं तेच केलं. पडद्यावर दिसलं ते खरं धरलं, आणि नाव तर मीच मांडवात मोठ्याने वाचलं होतं. भागोजीचं नाव घेताना माणसं खाली थुंकायला लागली. मग काशीराम सिनेमाच्या मागे निघाला. देवरुख, चिपळूण, जिथे 'वेढ्यातला फितूर' लागेल तिथे तो चालत जायचा आणि जमिनीवर बसायचा. ते दृश्य आलं की उभा राहायचा आणि मोठ्याने सांगायचा: हा पडद्यावरचा माणूस मी आहे. मी ज्याचं सोंग केलं त्याचं नाव भागोजी. तो फितूर नव्हता. तो आमच्यासाठी पाला आणायला गेला होता. एवढं बोलून खाली बसायचा. पहिल्यांदा त्याला मांडवाबाहेर काढलं. नंतर लोक त्याला बघायलाच यायला लागले. पडद्यावरचा फितूर जिवंत उठून बोलतो, ही मौज आणखी कुठे मिळणार?

मानकाम्यांना हे कळलं तेव्हा ते हसून हसून लाल झाले. त्यांनी सगळ्या मांडववाल्यांना पत्रं लिहवली की त्या माणसाला अडवू नका, पुढे जागा द्या. ती पत्रं माझ्या अक्षरात गेली.

तीस सालच्या मार्चात त्यांनी मला खेडला पाठवलं. काशीरामला मुंबईला आणायचं होतं. तिथे सिनेमा पुन्हा लागणार होता, आणि काशीरामने रोज दोन्ही खेळांना उठून बोलावं असा बेत होता. जगबुडी नदीच्या काठावर तंबू लागला होता. बाहेर काशीराम आणि सखू भाकरी खात बसली होती. आता तीही त्याच्याबरोबर फिरत होती. मी निरोप सांगितला. मग, काय झालं कोण जाणे, मी खरं तेही सांगितलं, की काशीराम, तुला बोलू देतात ते तिकिटं खपावी म्हणून. लोक तुला हसायला येतात.

"म्हायत हाय," काशीराम म्हणाला. त्याच्या आवाजात माझ्याविषयी राग नव्हता. रस्त्यात आडव्या आलेल्या कुत्र्याशी माणूस बोलतो, तसा तो बोलत होता. "चिपळूणला एक जण मागनं उठला. तो पण कुतात व्हता. बोलला, ह्यो खरा बोलतो, आमी पण पाला खाल्ला. मग कोण हसला नाय. दोनशांत एक उठला तरी माझा काम झाला."

मुंबईला येणार नाही, म्हणाला. तिथे भागोजीला ओळखणारं कोणी नाही. मी जायला निघालो, तेव्हा त्याने थांबवलं.

"मास्तर, आज तुमी उठा. मी बोललो की तुमी उठायचा नि सांगायचा, ह्या मी लिवला, ह्या खोटा हाय. तुमच्यावर लोक इश्वास ठेवतील."

बघतो, असं मी म्हणालो. तंबूत शिरून मागच्या खुर्चीत बसलो. ते दृश्य आलं. काशीराम उभा राहिला, बोलला. लोक हसले, एक-दोघांनी शिट्या मारल्या. या खेपेला तो लगेच बसला नाही. काळोखात मान वळवून खुर्च्यांकडे बघत राहिला. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे, आणि ते आणखी हसले. माझ्या शेजारी मामलेदार कचेरीतले एक गृहस्थ होते. उठलो तर हे काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या गृहस्थांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी उठलो नाही. थोड्या वेळाने काशीराम खाली बसला.

दिवे लागले. काशीराम माझ्या खुर्चीजवळून सरळ निघून गेला. सखू क्षणभर थांबली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"पाय दुखत असतील, मास्तर," म्हणाली, आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला परतलो आणि मानकाम्यांना सांगितलं की म्हातारा तयार नाही. त्यांनी त्याच्यासारखा दिसणारा एक माणूस लालबागेत शोधून काढला. त्याने काय बोलायचं, ते मी लिहून दिलं.